अल्बममधला तो हात माझ्या बहिणीचा नव्हता

माझ्या धाकट्या बहिणीच्या उजव्या मनगटावर, आतल्या बाजूला, भाजल्याचा एक लांबट डाग आहे. ती नऊ वर्षांची असताना माझ्याच हातून तिला गरम इस्त्री लागली होती. त्या डागाचा आकार मी डोळे मिटूनही सांगू शकते. लग्नानंतर दोन महिन्यांनी फोटो आले. त्यात कानातलं घालणाऱ्या हाताचा, खिडकीच्या उजेडातला एक अतिशय सुरेख फोटो होता आणि त्यातलं मनगट कोरं होतं. एडिटिंगमध्ये डाग पुसला असेल, अशी मी आधी स्वतःची समजूत घातली. तसं करतात. मग नखं पाहिली. बहिणीची नखं कायम बोटांबरोबर कापलेली असतात, लग्नाच्या दिवशीही होती. फोटोतली नखं चांगली वाढवलेली होती.

ज्या फोटोग्राफरकडे आम्ही लग्नाचं काम दिलं त्याच्या पेजवर सकाळच्या तयारीचेच फोटो जास्त होते. खिडकीत टांगलेला पोशाख, आरशात स्वतःकडे पाहणारी नवरी, मागे उभी राहून हुक लावणारी तिची आई. बहिणीला मंचावरच्या रांगेतल्या फोटोंचं फारसं कौतुक नव्हतं. तिला ती सकाळ हवी होती, कारण त्या खोलीत फक्त घरचीच माणसं असतात आणि कुणी कॅमेऱ्याकडे बघून हसत नाही. म्हणूनच आम्ही त्याला निवडलं. अर्धे पैसे आगाऊ दिले. करारात ‘तयारीपासून पूर्ण दिवस, एक फोटोग्राफर’ असं लिहिलं होतं. तो फोटोग्राफर कोण, हे लिहिलेलं नव्हतं आणि आमच्या ते लक्षातही आलं नाही.

लग्नाच्या दिवशी साडेसहाची वेळ ठरली होती. आठ वाजून दहा मिनिटांनी दारात एक अनोळखी मुलगा उभा होता. ‘सर दुसऱ्या कामावर आहेत, मी त्यांचाच माणूस,’ म्हणाला. तोपर्यंत मेकअप जवळजवळ उरकला होता. केस बांधून झाले होते. आजीनं स्वतःच्या हातानं नातीच्या गळ्यात घातलेला हार, ज्यासाठी ती सकाळपासून तयार होऊन बसली होती, तो क्षण तर होऊनही गेला होता. भांडावंसं खूप वाटलं. पण बहीण आरशातून माझ्याकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं असतं तर सगळा मेकअप पुन्हा करावा लागला असता. मी गप्प बसले. लग्नाच्या सकाळी कुणी तमाशा करणार नाही, हे या लोकांना पक्कं माहीत असतं.

त्या मुलाचा मला राग नाही. विशीतला असेल, हात थरथरत होते. त्यानं खोलीतला पसारा बाजूला करायला सांगितलं नाही, वरचे पिवळे दिवे बंद करायला सांगितले नाहीत, दारातच उभा राहून फ्लॅश मारत राहिला. आरशाच्या डावीकडे मोठी खिडकी होती, तिच्याकडे त्यानं पाठ केली होती. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात. पिवळ्या बल्बचा उजेड साधारण ३००० केल्विनचा आणि दिवसाचा साडेपाच हजारांच्या आसपास, त्यामुळे दोन्ही एकत्र पडले की कॅमेरा एकालाच धरून रंग लावतो आणि चेहऱ्याची एक बाजू नारिंगी, दुसरी निळसर येते, हे मी नंतर वाचलं. जाणता फोटोग्राफर खोलीत शिरल्याबरोबर आधी दिवे बंद करतो आणि नवरीची खुर्ची खिडकीजवळ सरकवतो.

उरलेले पैसे पूर्ण दिल्याशिवाय फोटो मिळणार नव्हते, ते दिले. त्यानंतर निरोप आला की सकाळच्या तयारीचं फोल्डर ‘वेगळ्या पॅकेजमध्ये’ येतं. करारात उलट लिहिलेलं असतानाही आम्ही तेही पैसे भरले, कारण फोटो त्याच्या ताब्यात होते. मग २१२ फोटो आले. आई ते बघताना रडली. मीही पहिल्या दिवशी खूश होते, हे सांगायलाच हवं.

मनगट दिसल्यावर मात्र मी एकेक फोटो मोठा करून बघायला बसले. आमच्या खोलीत उजेड डावीकडून येत होता, काही फोटोंत तो उजवीकडून होता. आमच्याकडे जाड पडदा होता, तिथे पातळ पांढरा. बुटांच्या फोटोखालची जमीन लाकडी होती, आमची तशी नव्हती. आणि सगळ्यात वाईट वाटलं ते हे, की फोल्डरमधले चांगले फोटोच आमचे नव्हते. ज्यांत गाल नारिंगी आणि कपाळ निळं दिसत होतं, ते आमचे.

फोटोच्या फाइलमध्ये तारीख, वेळ, कॅमेऱ्याचं मॉडेल, बऱ्याचदा कॅमेऱ्याचा क्रमांकही साठवलेला असतो. त्याला एक्झिफ म्हणतात. कॉम्प्युटरवर फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये गेलं की दिसतो. कॅमेऱ्याचं घड्याळ चुकलेलं असू शकतं, माहिती मुद्दाम बदलताही येते, त्यामुळे तेवढ्यावर विसंबू नये. पण इथे त्या मुलाचे सगळे फोटो एका मॉडेलचे आणि आठ वाजून चौदा मिनिटांनंतरचे होते, तर ३१ फोटो दुसऱ्याच मॉडेलचे आणि लग्नाच्या १९ महिने आधीचे. आणखी ४३ फोटोंत ही माहितीच नव्हती. इंटरनेटवरून उतरवलेल्या किंवा मेसेजिंग ॲपमधून आलेल्या फोटोंतून ती बहुधा निघून गेलेली असते. एकूण ७४. सगळे क्लोज-अप: हात, बूट, बाटलीतलं अत्तर, पाठीवरची बटणं, आरशाची कड. एकातही चेहरा नाही.

त्या ४३ फोटोंवर मी रिव्हर्स इमेज सर्च चालवला, म्हणजे फोटोच शोधात टाकून तो इंटरनेटवर आणखी कुठे आहे ते पाहिलं. पाच सापडले. एका फोटोग्राफरला मी लिहिलं, त्याचं त्याच दिवशी उत्तर आलं. फोटो त्याचा होता आणि आमच्या माणसाचं नावही त्यानं कधी ऐकलेलं नव्हतं. मग आम्ही ज्याच्यावर भाळलो ते पेज तपासलं. आरशातली ती नवरीही दुसऱ्याच कुणाच्या कामातली निघाली.

फोनवर तो आधी साफ नाही म्हणाला. तारखा वाचून दाखवल्यावर शांतपणे म्हणाला, ‘मॅडम, क्लोज-अप कुणाच्या लक्षात येतात? अल्बम भरलेला दिसायला हवा ना.’ हे वाक्य मी विसरू शकत नाही. लेखी तक्रार केली, सोबत फाइलींची यादी जोडली, तेव्हा त्या ‘वेगळ्या पॅकेज’चे पैसे परत आले. बाकीचे आले नाहीत.

आता कुणी मला विचारलं तर मी पहिल्यांदा हेच सांगते की निवडक फोटो बघूच नका. एकाच लग्नाची अख्खी सकाळ मागा, पहिल्या फोटोपासून नवरी खोलीबाहेर पडेपर्यंत. त्यात चेहरे हवेत, एकच खोली वेगवेगळ्या कोनांतून दिसायला हवी. ज्यानं खरंच काम केलंय त्याच्याकडे तेवढं असतंच. पेजवरचे दोन-चार फोटो शोधात टाकून बघायला पाच मिनिटं लागतात, ती पाच मिनिटं मी काढली नाहीत. जो माणूस खोलीत उभा राहणार त्याचं नाव आणि पोहोचण्याची वेळ करारात लिहून घ्या, आणि तो आला नाही तर काय, हेही. तयारी धरलेली आहे का, हे वेगळ्या ओळीत लिहा. शेवटचा हप्ता फोटो तपासून झाल्यावरच द्यायचा हेही आधीच ठरवा. आणि शंका आली तर त्या फोटोची रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यातली मूळ, प्रक्रिया न केलेली फाइल मागा. दुसऱ्याचा उचललेला जेपेग कुणीही पाठवू शकतो, त्याची रॉ फाइल त्याच्याकडे नसते. आम्ही ती मागितल्यावर ‘कार्ड खराब झालं’ असं उत्तर आलं. तयारीसाठी येणाऱ्या माणसाच्या कॅमेऱ्यात दोन कार्डांची सोय आहे का आणि दोन्हींवर एकाच वेळी फोटो साठतात का, हे आधी विचारलं असतं तर ही सबबसुद्धा त्याला देता आली नसती.

आजीनं हार घातला तेव्हा मावसभावानं मोबाइलवर एक फोटो काढला होता. थोडा हललेला आहे, आजीचा अंगठा धूसर आलाय, पण बहिणीचं मनगट खुर्चीच्या हातावर आहे आणि त्यावरचा डाग स्पष्ट दिसतो. अल्बममध्ये पहिल्या पानावर तोच लावला.

ते ७४ फोटो मी पुसलेले नाहीत. पाच ज्यांचे होते त्यांना कळवलं. ते १९ महिन्यांपूर्वीचे ३१ कुणाच्या लग्नातले, हे शोधूनही सापडलं नाही. त्यात एका वयस्क बाईचा हात आहे, ती कुणाच्या तरी पाठीवरचं बटण लावतेय. त्या मुलीच्या अल्बममध्ये तो फोटो आहे की नाही, कोण जाणे. आणि आमच्या सकाळचे जे फोटो त्यानं आम्हाला दिलेच नसतील, ते आता कुणाच्या फोल्डरमध्ये गेले असतील, हा विचार माझ्या मनातून जात नाही.