जीएलए, एक्सवन की क्यूथ्री? नाशिकमधून पन्नास लाखांच्या घरात गाडी घेताय त्यांच्यासाठी

सध्या ओळखीतल्या बऱ्याच जणांचा हाच गोंधळ चालूय. बजेट पन्नास-साठ लाख, पहिलीच लक्झरी गाडी, घरात सगळ्यांची मतं वेगळी. मुलाला मर्सिडीज पाहिजे, वडील म्हणतात फॉर्च्युनर घे, आणि शोरूममधला सेल्सवाला रोज फोन करून सांगतो की या महिन्यातच बुक करा. मी मर्सिडीजची जीएलए, बीएमडब्ल्यूची एक्सवन आणि ऑडीची क्यूथ्री या तिन्ही गाड्या नीट बघितल्यात, चालवल्यात, आणि मुख्य म्हणजे मागच्या सीटवर बसून बघितल्यात, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

आधी कोण कधी आलं ते बघू. तिघींमध्ये अपडेट होऊन आलेली जीएलए, 31 जानेवारी 2024 ला फेसलिफ्ट लाँच झाली. पुढची ग्रिल, बंपर, दिवे बदलले, आत नवीन स्टिअरिंग आलं, मधल्या कन्सोलवरचा तो टचपॅड काढून टाकला आणि तिथे सामान ठेवायला जागा केली, सॉफ्टवेअर नवं दिलं. इंजिनं तीच, 1.3 लिटर पेट्रोल 163 एचपी आणि 2.0 लिटर डिझेल 190 एचपी, डिझेलला चारही चाकांना ताकद. लाँचची किंमत 50.50 लाखापासून 56.90 लाखापर्यंत एक्स-शोरूम. एक्सवन जानेवारी 2023 ला पूर्ण नव्या पिढीची आली, तेव्हा पेट्रोल 45.90 आणि डिझेल 47.90 होती. क्यूथ्री ऑगस्ट 2022 ला 44.89 लाखापासून. हे सगळे लाँचचे आकडे आहेत हं, नंतर किमती वाढल्यात आणि मग सप्टेंबर 2025 मध्ये जीएसटी बदलल्यावर खाली आल्यात, त्यामुळे आजचं कोटेशन तिन्ही ठिकाणाहून एकाच आठवड्यात घ्या म्हणजे तुलना खरी होईल.

जीएसटीचं एक बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. 22 सप्टेंबर 2025 पासून या सगळ्या गाड्यांवर सरसकट 40 टक्के लागतो, सेस गेला. आधी दीड लिटरपर्यंतच्या पेट्रोलवर सेस धरून 45 टक्के लागायचा आणि मोठ्या इंजिनाच्या एसयूव्हीवर 50 टक्क्यांपर्यंत जायचा. म्हणजे फायदा मोठ्या इंजिनाला जास्त झालाय, त्यामुळे पूर्वी कुणी तुम्हाला सांगितलं असेल की डिझेल घेऊ नको फार महाग पडतं, तर तो हिशोब आता पुन्हा मांडायला हवा.

आणि माझं मत असंय की बॅज ठरवायच्या आधी पेट्रोल की डिझेल हे ठरवा. नाशिकवाल्यांचं चालवणं मुंबई-पुण्यासारखं नाही. कॉलेज रोड, गंगापूर रोडवर दहा मिनिटांची कामं, आणि मग एकदम लांब पल्ला: मुंबई, पुणे, संभाजीनगर, नाहीतर दिंडोरी-पिंपळगावकडे बागेत. ज्यांचं महिन्याला दोन हजार किलोमीटर हायवे होतंच होतं त्यांनी डिझेलच बघावं. साधा हिशोब मांडते. पेट्रोल 104 आणि डिझेल 91 रुपये धरा, पेट्रोल गाडी खऱ्या वापरात लिटरला 12 देते आणि डिझेल 16 देते असं धरा. पेट्रोलला किलोमीटरमागे साधारण 8 रुपये 70 पैसे, डिझेलला 5 रुपये 70 पैसे, म्हणजे 3 रुपयांचा फरक. डिझेल गाडी सुरुवातीला टॅक्ससकट तीन लाखांनी महाग पडली तर ते तीन लाख वसूल व्हायला एक लाख किलोमीटर लागतात. महिन्याला दोन हजार चालवणाऱ्याचं ते चार वर्षांत होतं, महिन्याला सहाशे चालवणाऱ्याचं चौदा वर्षांत. आणि फक्त शहरात फिरणाऱ्याने डिझेल घेतलंच तर डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, चोक व्हायची कटकट, कारण तो फिल्टर साफ व्हायला गाडी एका वेगात थोडा वेळ पळावी लागते, द्वारका ते मुंबई नाका सिग्नलला थांबत थांबत गेल्याने ते होत नाही. अ‍ॅडब्लू (डिझेलचा धूर स्वच्छ करणारं द्रव) भरायचं असतं तेही लक्षात ठेवा.

आता रोड टॅक्स, कारण इथेच लोकांना धक्का बसतो. महाराष्ट्रात वीस लाखाच्या वरच्या पेट्रोल गाडीला 13 टक्के, डिझेलला 15 टक्के, आणि कंपनीच्या नावावर घेतली तर इंधन कुठलंही असो 20 टक्के. पन्नास लाखाच्या गाडीला पेट्रोलचे साडेसहा लाख, डिझेलचे साडेसात, कंपनीच्या नावावर दहा. आपल्याकडे अंबड-सातपूरला बरेच उद्योजक डोळे झाकून कंपनीच्या नावावर बिल करतात, घसारा मिळतो म्हणून. पण त्या घसाऱ्यातून वाचणारा इन्कम टॅक्स आणि हे वरचे अडीच-साडेतीन लाख, दोन्ही कागदावर समोरासमोर ठेवून सीएला विचारा. एक टक्का टीसीएस, म्हणजे खरेदीच्या वेळीच घेतला जाणारा इन्कम टॅक्स, पण कापतात, तो मात्र रिटर्न भरताना वळता होतो.

बरं, आता गाड्या.

एक्सवन. मला विचाराल तर नाशिकच्या साधारण कुटुंबाला हीच बरोबर बसते, त्यातही डिझेल. 2.0 लिटर, 150 एचपी, 360 एनएम टॉर्क (खेचायची ताकद), कंपनीचा दावा लिटरला 20 च्या वर. आकड्यावर जीएलए डिझेलपेक्षा कमी ताकद आहे पण चालवताना कमतरता जाणवत नाही, शंभरचा वेग नऊ सेकंदाच्या आत येतो, आपल्याला अजून काय पाहिजे. खरी मजा मागे आहे. आईला मागे बसवून बघितलं, तिचे गुडघे दुखतात, तर दार मोठं उघडतं, सीटची उंची अशी आहे की खाली धपकन बसावं लागत नाही आणि वर चढावंही लागत नाही, नुसतं टेकायचं आणि पाय आत घ्यायचे, आणि पुढे ड्रायव्हर उंच असला तरी गुडघ्यासमोर चांगली चार बोटं जागा राहते. मांडीखाली सीटचा आधार पण मिळतो. डिकी डिझेलला 500 लिटर, पेट्रोलला 476. खटकतं ते म्हणजे आतली बटणं सगळी गायब केलीत, एसी कमी करायला पण स्क्रीनमध्ये जावं लागतं, आणि आधीच्या बीएमडब्ल्यूतलं ते गोल फिरवायचं बटण पण काढलंय. चालवताना ते डोकं खातं. पेट्रोलचं इंजिन दीड लिटर तीन सिलिंडर, 136 एचपी, सिग्नलला उभं असताना बारीक थरथर कळते आणि चार माणसं सामान घेऊन घाटात चढताना ते जरा ओरडतं. पन्नास लाख देऊन मी तरी ते पेट्रोल घेणार नाही.

जीएलए. आत बसलं की पैसे दिल्यासारखं वाटतं, हे मान्य करायलाच पाहिजे. दोन मोठ्या स्क्रीन, रात्रीचे ते अँबियंट दिवे, दार बंद होतानाचा आवाज, सगळं एक पायरी वर. 220डी, म्हणजे डिझेल, चालवायला तर फार सुंदर, 400 एनएम, आठ गिअर, साडेसात सेकंदात शंभर, आणि वणीच्या गडावर पावसाळ्यात वळणावर गाडी ज्या विश्वासाने चढते तो विश्वास पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत येत नाही. तुम्ही स्वतः चालवणारे असाल, घाट आवडत असेल, तर हिच्यासमोर दुसरी नाही. पण मागे बसणाऱ्यांचं काय? व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर, कागदावर 2729 मिलिमीटर म्हणजे एक्सवनच्या 2692 पेक्षा जास्त, तरीपण बसल्यावर तसं वाटत नाही, मांडी सीटवरून थोडी उचलली जाते आणि दोन तासांनी ते जाणवतं. डिकी पण तिघीत लहान, 425 लिटर. अजून एक, वरच्या एएमजी लाइन व्हेरिएंटला 19 इंची चाकं आहेत, दिसतात भारी, पण टायरची भिंत पातळ. सिंहस्थाच्या तयारीत शहरात आत्ता जी खोदाखोदी चाललीय त्यात आणि एरवी पण आपल्या रस्त्यांवर, पातळ टायर म्हणजे खर्चाला आमंत्रण. 220डीच घ्यायची तर साधी लाइन घ्या, लहान चाकांची, दोन लाख वाचतील आणि कंबरही वाचेल. जीएलए 200 पेट्रोल मला या किमतीला पटत नाही, 1.3 लिटर इंजिन हळू चालवायला ठीक आहे पण त्याच पैशात क्यूथ्रीला दोन लिटर मिळतं.

क्यूथ्रीबद्दल लोक उगाच कमी बोलतात. 2.0 लिटर पेट्रोल, 190 एचपी, 320 एनएम, क्वाट्रो (चारही चाकांना ताकद) सगळ्या व्हेरिएंटला, 7.3 सेकंदात शंभर. इंजिन गुळगुळीत, चार सिलिंडर. एसीची खरीखुरी बटणं आहेत, त्यासाठीच मी तिला दोन मार्क जास्त देईन. डिकी 530 लिटर, तिघीत मोठी, मागची सीट पुढे-मागे सरकते. बागेतल्या कच्च्या रस्त्यावर पाऊस पडून चिखल झाला की क्वाट्रोची किंमत कळते, काळ्या मातीत पुढची चाकं नुसती फिरत राहतात हे ज्याने अनुभवलंय त्याला सांगायला नको. अडचण दोन. एक, डिझेल नाहीच, ऑडीने बीएस6 हे प्रदूषणाचे नियम आल्यानंतर भारतात डिझेल बंद केलं. दुसरी मोठी, क्यूथ्रीची पुढची पिढी जून 2025 मध्ये परदेशात दाखवून झालीय, म्हणजे ही जुन्या पिढीची गाडी आहे. आता यात वाईट मानायचं कारण नाही, पण मग डिस्काउंट त्या हिशोबाने मागा, भरघोस मिळाला तरच घ्या, आणि दोन-तीन वर्षांत विकायचा विचार असेल तर नकोच. मध्ये बसणाऱ्या पाचव्या माणसाच्या पायात मोठा उंचवटा येतो, घरात पाच जण नेहमी जात असाल तर त्या माणसाला आधी बसवून बघा.

सेफ्टीत फार डोकं लावायची गरज नाही, तिघींना युरो एनकॅप या युरोपातल्या क्रॅश टेस्टचे 5 तारे आहेत.

इथे चौथी गाडी आणायचीच आहे मला. आयएक्सवन लाँग व्हीलबेस, इलेक्ट्रिक, जानेवारी 2025 मध्ये 49 लाखाला आली. व्हीलबेस 2800, बॅटरी 66.4 किलोवॅट-अवर, 204 एचपी, दाव्याची रेंज 531 किलोमीटर, खऱ्या वापरात हायवेला एसी लावून चारशेच्या आत धरा. मागची जागा या किमतीत कुणाकडेच नाही, पाय सोडून बसा. जीएसटी 5 टक्के, रोड टॅक्सची सवलत, समृद्धी महामार्गावर इलेक्ट्रिक कारला टोल माफीचं राज्याचं धोरण. बंगला असेल, छतावर सोलर असेल, तर मी म्हणेन वरच्या तिन्ही विसरा आणि ही चालवून बघा. फ्लॅटमध्ये राहत असाल तर आधी सोसायटीकडून पार्किंगमध्ये चार्जर बसवायची लेखी परवानगी घ्या, मग बुकिंगचे पैसे द्या. तोंडी हो म्हणणारे चेअरमन पुढच्या वर्षी बदलतात. मुंबईला जाऊन-येऊन साडेतीनशेच्या आसपास होतं, समृद्धीवर 120 ने गेलात तर रेंज झरझर उतरते, तेव्हा मुंबईत एकदा चार्ज करायची तयारी ठेवा.

समृद्धीचा विषय निघालाच तर, 5 जून 2025 ला इगतपुरी ते आमणे हा शेवटचा 76 किलोमीटरचा टप्पा सुरू झाला आणि कसारा घाटातल्या ट्रकच्या रांगांतून सुटका झाली. त्यामुळे गाडी निवडताना आता सरळ रस्त्यावर तीन आकडी वेगाला आत आवाज किती येतो हे घाटातल्या ताकदीइतकंच महत्त्वाचं झालंय. टेस्ट ड्राइव्ह शोरूमच्या भोवती चक्कर मारून संपवू नका. त्यांना सांगा हायवेला न्यायची आहे, निदान पाथर्डी फाट्याच्या पुढे विल्होळीपर्यंत तरी, आई-वडील मागे, खिडक्या बंद, म्युझिक बंद. टायरचा आवाज ऐका. वडील काही बोलत नाहीत ते उतरल्यावर कंबरेला हात लावतात का ते बघा.

फॉर्च्युनर म्हणणाऱ्या वडिलांचं पण ऐकून घ्या. सात सीट, 2.8 लिटर डिझेल, ऑटोमॅटिकला 500 एनएम, आणि विकताना मिळणारा भाव यात वरची एकही गाडी तिच्या जवळ येत नाही. घरात सहा-सात माणसं एकत्र निघत असतील, बागेत रोज जाणं असेल, तर फॉर्च्युनरच घ्या, मनापासून सांगतेय. पण राइड आदळते, मागे बसून त्र्यंबकला जाऊन आलात तरी अंग कळतं. चार माणसांच्या कुटुंबाला मी तो त्रास रोज सोसायला सांगणार नाही.

सर्व्हिसबाबत शोरूममध्ये गोड बोलण्यावर जाऊ नका. नाशिकमध्ये नेहमीची सर्व्हिस होते एवढं पुरेसं नाही, बंपर घासला किंवा गिअरबॉक्सचं काम निघालं तर गाडी इथेच होणार की फ्लॅटबेडवर मुंबई-पुण्याला जाणार, तिकडे गेली तर तोपर्यंत तुम्हाला दुसरी गाडी देणार का, हे ईमेलवर मागा. मर्सिडीजला स्टँडर्ड वॉरंटी 3 वर्षं आहे, बीएमडब्ल्यूला 2, तेव्हा बीएमडब्ल्यू घेताना वाढीव वॉरंटी आणि सर्व्हिस पॅकेज डिलमध्येच ओढून घ्या, रोख डिस्काउंट पन्नास हजार कमी मिळाला तरी चालेल. इन्शुरन्स शोरूमचा घ्यायची सक्ती नाही, बाहेरचं कोटेशन आधी हातात ठेवा, फक्त झिरो डेप (क्लेममध्ये घसारा न कापणारं कव्हर) आणि टायर कव्हर दोन्हीकडे सारखं आहे ना ते बघा. आणि डिकी उघडून स्टेपनी कुठे आहे, आहे की नाही, ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा, रात्री अकराला सिन्नरच्या पुढे पंक्चर झाल्यावर ब्रोशर कामाला येत नाही.

जुन्या ऑर्डरचा स्टॉक असेल तर व्हीआयएन, म्हणजे गाडीच्या चासी नंबरवरून गाडी कुठल्या महिन्यात बनली ते विचारा. डिसेंबरमध्ये घेत असाल तर आणखी काळजीपूर्वक, कारण जानेवारीत ती कागदावर एक वर्षाने जुनी होते, विकताना तेवढे पैसे कमी, मग तो फरक आत्ताच डिस्काउंटमध्ये घ्या नाहीतर जानेवारीचं बिल करायला सांगा.