संयुक्त संशोधन आखून देणारी सेवा: आम्ही घेतली, तुम्ही घ्यावी का?

मासळी प्रक्रिया कारखान्यात गुणवत्ता तपासणीचं काम मी 17 वर्षं करतेय. आमच्या देशपातळीवरच्या मत्स्योद्योग संघटनेनं पुढच्या 5 वर्षांचं संयुक्त संशोधन ठरवण्यासाठी एका सल्लागार संस्थेची सेवा घेतली. कारखान्यांच्या बाजूनं बोलायला मला पाठवलं होतं. आधी फोनवर मुलाखती, मग 3 दिवसांची निवासी बैठक आणि महिनाभरानं लेखी आराखडा, असं तिचं स्वरूप. संस्थेचं नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रारीही आहेत. माझ्याकडून पाचपैकी साडेतीन.

आमच्याकडे आजवर काय व्हायचं? निधी जाहीर झाला की विद्यापीठातून प्रस्ताव यायचा, आम्ही पाठिंब्याचं पत्र द्यायचो, आणि काही वर्षांनी आलेला जाडजूड अहवाल कपाटात जायचा. संशोधन खोटं नसायचं, मेहनतही दिसायची. पण प्रश्न आमचा नसायचा, त्यामुळे उत्तराची वाटही कुणी पाहत नसे.

या संस्थेनं पहिल्या दिवशी दुपारपर्यंत शास्त्रज्ञांना फक्त ऐकायला बसवलं. बोटमालक, तांडेल (म्हणजे बोटीचे कप्तान), कोळंबी शेतकरी, बर्फ कारखानदार, निर्यातदार अशा सगळ्यांना कोरी कार्डं दिली आणि विचारलं, ‘गेल्या हंगामात तुमचा माल कुठे वाया गेला, पैसा कुठे अडकला?’ ‘संशोधनाचे विषय सुचवा’ असं विचारलं असतं, तर आम्ही पुस्तकी विषय लिहिले असते. इथे भिंतभर खरी दुखणी लागली. मग प्रत्येक कार्डासमोर उभं राहून सूत्रसंचालक बाई एकच विचारायच्या, ‘याचं उत्तर मिळालं तर ते वापरणार कोण?’ नाव सांगता आलं नाही की कार्ड खाली.

माझं कार्ड दुसऱ्या दिवशी चर्चेला आलं. बांगडा, ट्यूना यांसारख्या माशांत मेल्यानंतर ऊब मिळाली की जिवाणू माशातल्या हिस्टिडीन या घटकापासून हिस्टामिन हा खाणाऱ्याला बाधणारा पदार्थ तयार करतात. एकदा ते झालं की शिजवून, गोठवून किंवा डबाबंद करून जात नाही. त्यात पुन्हा ते सगळ्या माशांत सारखं नसतं. एका माशात खूप, शेजारच्यात जवळजवळ नाही. म्हणून तर युरोपीय महासंघाच्या नियमात एका लॉटमधून 9 नमुने घ्यावे लागतात. सरासरी किलोमागे 100 मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही, 100 ते 200 च्या दरम्यान फार तर 2 नमुने चालतात, आणि 200 च्या वर एकही नाही. हे सगळं मला पाठ आहे. म्हणून मी लिहिलं होतं, ‘कारखान्याच्या दारातच पटकन निकाल देणारी स्वस्त तपासणी हवी.’

त्यावर एक तांडेल म्हणाले, ‘मॅडम, बर्फाची कमी नसते. पण जाळं भरून आलं की निवडानिवड होऊन मासा बर्फात जाईपर्यंत दोन-दोन तास डेकवरच असतो.’

मी गप्प झाले. इतकी वर्षं मी मासा दारात आल्यावर मोजत होते. माझ्या मोजण्यानं वाईट लॉट बाजूला निघायचा, पण चांगला एकही वाढायचा नाही. अर्ध्या तासाच्या चर्चेत प्रश्नच बदलला. ‘तपासणी लवकर कशी करायची’ याच्या जागी ‘डेकवरचा वेळ कसा कमी करायचा’ हा विषय आला, आणि पहिल्या क्रमांकाचा प्रकल्प तोच ठरला. माझं कार्ड खाली गेलं, ते योग्यच झालं. यातलं काहीही मला माझ्या प्रयोगशाळेत बसून कळलं नसतं. साडेतीनमधले दोन गुण मी या अर्ध्या तासाला देते.

संध्याकाळी पैशांचा विषय निघाला. डेकवर मासा लवकर थंड झाला तर फायदा सगळ्यांचाच, मग एकट्या कारखान्यानं खर्च का करावा? इथे संस्थेची तयारी चांगली होती. नॉर्वेत मासळीच्या निर्यात मूल्यावर 0.3 टक्के संशोधन आकारणी असते आणि त्यातून उद्योगाचा सामाईक निधी चालतो. ऑस्ट्रेलियात सरकार मत्स्योत्पादनाच्या मूल्याच्या 0.5 टक्के रक्कम देतं, आणि उद्योगानं स्वतः घातलेल्या पैशांइतकी भर आणखी 0.25 टक्क्यांपर्यंत घालतं. तिथलंच कालवांचं उदाहरणही सांगितलं. पॅसिफिक कालवं मारणारा विषाणू 2010 मध्ये न्यू साउथ वेल्समध्ये आढळला. टास्मानियात तो 2016 च्या सुरुवातीला पोचला. तिथल्या शेतकऱ्यांचं नुकसान मोठंच झालं, पण रोगाला तोंड देणारी कालवं निवडून त्यांची पैदास करण्याचं काम आधीपासून चालू होतं, शून्यातून सुरू करावं लागलं नाही. संकट दारात यायच्या आधी प्रश्न विचारून ठेवणं म्हणजे काय, ते बोटमालकांना या गोष्टीतून पटलं.

आता तक्रारी. या प्रकल्पासाठी बोटींवर नोंदवली जाणारी माहिती कुणाच्या मालकीची, हा विषय शेवटच्या दिवशी दुपारी, परतीच्या घाईत घेतला. तो पहिल्या सकाळी हवा होता. मासा कुठे लागतो ही बोटमालकाची कमाई आहे. तापमानाच्या नोंदीसोबत जागेची नोंद गेली तर ती प्रतिस्पर्ध्याकडे जाईल की परवाना खात्याकडे, ही त्याची भीती खरी आहे. 2 मालक सही न करता निघून गेले, आणि मी त्यांना दोष देणार नाही.

दुसरी तक्रार मला जास्त लागते. मासळी निवडणाऱ्या आणि साफ करणाऱ्या बायकांपैकी एकही तिथे नव्हती. कुठल्या बोटीचा मासा मऊ येतो, कुठल्या महिन्यात पोट लवकर फुटतं, हे त्या हात लावून सांगतात. संस्था म्हणाली, यादी संघटनेनं दिली होती. खरं आहे. पण हे काम रोज करणाऱ्या संस्थेनं ‘यात कोण राहिलंय?’ असं विचारायला हवं होतं. मीही विचारलं नाही, त्याची मला खंत आहे.

लेखी आराखडा वेळेत आला, भाषा सोपी आहे. प्रत्येक प्रकल्पापुढे जबाबदार माणूस आहे, उत्तर वापरणारा कोण ते आहे, आणि प्रकल्प कधी थांबवायचा हेही आहे. थांबवण्याची अट मी पहिल्यांदाच पाहिली आणि मला ती फार आवडली. वर्षाअखेरचा आढावा मात्र सेवेत धरलेला नाही, त्याचे वेगळे पैसे. तो करारातच घालून घ्या. माहितीच्या मालकीचा मसुदा बैठकीच्या आधी मागा, आणि निमंत्रितांची यादी कामगारांना दाखवल्याशिवाय पक्की करू नका. एवढं मान्य करत असतील तर ही सेवा जरूर घ्या.

आमचं पुढे काय झालं, तेही सांगते. मालकीची बैठक आम्ही नंतर स्वतंत्र घेतली. जागेची नोंद होणार नाही, फक्त वेळ आणि तापमान, आणि आपल्या बोटीचा आलेख मालकाला सर्वांत आधी, असं ठरलं. निघून गेलेल्या दोघांपैकी एकानं सही केली. सध्या 7 बोटींवर तापमान नोंदवणारी छोटी यंत्रं आहेत. निवड करणाऱ्या दोघीजणी दर पंधरवड्याला आमच्यासोबत ते आलेख बघायला बसतात. परवा रात्री त्याच तांडेलांचा फोन आला होता, ‘मॅडम, माझ्या बोटीचा कागद आला का?’