हार्मोनवाल्या मॅडमचा दवाखाना, संभाजीनगर : फी वाजवी, ताटकळणं गैरवाजवी

पाचपैकी चार स्टार. कापलेला एक रिसेप्शनच्या नावावर, मॅडमच्या नाही.

दाखवायला नेलं होतं माझ्या मोठ्या जावेला. आम्ही सगळे तिला अक्का म्हणतो. आम्ही अंबड तालुक्यातले, ऊस आणि मोसंबीवाले. अक्काचं दुखणं बोट ठेवून दाखवता येईल असं नव्हतंच. सदा दमलेली, बीपी कमी, भूक नाही. उन्हाळ्यात बाकीचे गच्चीवर झोपायचे तेव्हा हिच्या अंगावर गोधडी. मधूनच उलट्या लागायच्या, गावाकडं सलाईन चढायचं, चार दिवस बरं वाटायचं आणि पुन्हा ये रे माझ्या मागल्या. कागदावर दरवेळी एकच शब्द, अशक्तपणा. सासूबाईंच्या मते नाटकं.

मॅडमनी आमची जाडजूड फाईल बाजूला सरकवली आणि लेकरं किती ते विचारलं. तीन. शेवटचं बाळंतपण कुठं झालं? घरीच. रक्त किती गेलं? त्यावर अक्का माझ्याकडं बघायला लागली, म्हणून मीच सांगितलं की अंथरूण फेकून द्यावं लागलं होतं आणि जीपमध्ये घातलं तेव्हा ती शुद्धीवर नव्हती.

"बाळाला अंगावर पाजलं का?"

"दूध आलंच नाही मॅडम. शेळीच्या दुधावर वाढवला."

"आणि पाळी?"

"तवापासून नाही."

मग अक्काला झोपवून बीपी घेतलं, उभं करून परत घेतलं. उभं केल्यावर ते चांगलंच घसरलं. पडदा ओढून काखेतले केस गेलेत का तेही बघितलं. गेले होते. त्या बाळंतपणातला पोरगा आता नववीत आहे. एवढ्या वर्षांत एवढे दवाखाने झाले, पण दूध आलं होतं का, हे कुणी विचारलं नव्हतं. थकव्याच्या तक्रारीत आपण होऊन दुधाची गोष्ट कोणती बाई काढेल?

मॅडमनी तिथंच सांगितलं की हा शीहान सिंड्रोम वाटतोय, तपासण्यांनी पक्कं करू. 1937 साली हॅरॉल्ड शीहान नावाच्या इंग्रज डॉक्टरनं हे मांडलं. मेंदूच्या तळाशी, नाकाच्या मुळामागं हाडाच्या खोबणीत पीयूषिका ग्रंथी असते. जेमतेम वाटाण्याएवढी, वजन अर्धा ग्रॅमच्या आसपास. गरोदरपणात ती वाढते, तिला रक्त जास्त लागतं. अशा वेळी बाळंतपणात भळाभळा रक्त गेलं आणि बीपी कोसळलं की पुढचा भाग रक्तावाचून मरतो. मागच्या भागाचा रक्तपुरवठा वेगळा असल्यानं तो बहुतेकदा वाचतो. म्हणून लघवीचं पाणी धरून ठेवणारं व्हॅसोप्रेसिन अक्काला पुरेसं होतं, पण पुढच्या भागातलं एकेक खातं बंद पडलेलं. प्रोलॅक्टिन नाही म्हणून दूध नाही. एफएसएच-एलएच नाही म्हणून पाळी नाही. एसीटीएच नाही म्हणून मूत्रपिंडावरच्या ग्रंथी कॉर्टिसॉल करीनात, त्यातून बीपी कमी, उलट्या आणि रक्तातलं सोडियम खाली. सलाईननं चार दिवस बरं का वाटायचं ते तेव्हा कळलं. मिठाचं पाणी जात होतं, मूळ तसंच.

आता लॅबच्या तपासणी पॅकेजबद्दल. आमच्याकडं एका लॅबचं शिबिर झालं होतं. एकदाच रक्त द्या, सगळ्या बॉडीचा रिपोर्ट घ्या. रंगीत पानं, हिरव्या रेषा. त्यात थायरॉईड म्हणून नुसतं टीएसएच केलेलं आणि त्यापुढं नॉर्मल लिहिलेलं. घरात सगळे निर्धास्त. मॅडमनी त्या पानावर बोट ठेवून जे सांगितलं ते आम्हा ऊसवाल्यांना लगेच पटलं. टीएसएच हे थायरॉईडचं काम नाही, ती मुकादमाची, म्हणजे पीयूषिकेची, हाक आहे. टोळी आळशी झाली की मुकादम ओरडतो, म्हणजे टीएसएच वाढतं. पण मुकादमच आजारी पडून झोपडीत निजला असेल तर फडात शांतताच असणार, आणि शांतता आहे म्हणजे ऊस तुटतोय असं कुणी धरत नाही. अक्काचं फ्री टी-4, म्हणजे थायरॉईडनं स्वतः केलेलं हार्मोन, तपासून घेतलं तर ते तळाला. टीएसएच मात्र तसंच नॉर्मल. पॅकेजचे पैसे वाया गेले ते गेले, वर खोटा दिलासा विकत घेतला.

रिसेप्शनवरचा राग इथं आहे. फोनवर नंबर लावला तेव्हा अकराला या म्हणले. पहाटे उठून पाचोडमार्गे एसटीनं आलो, दुपारनंतर नंबर लागला, आणि मग कळलं की कॉर्टिसॉलचं रक्त सकाळी आठच्या सुमारास द्यावं लागतं. ते पहाटे चढतं आणि दिवसभर उतरत जातं, दुपारच्या आकड्यावरून निदान होत नाही. एवढं फोनवर सांगायला काय झालं होतं? मुकुंदवाडीत नणंद राहते म्हणून निभावलं. ज्यांचं शहरात कुणी नाही त्यांनी लॉजचं भाडं भरायचं का? शिवाय औषध कंपन्यांचे एमआर लोक बॅगा घेऊन मधूनच आत जातात. प्यायचं पाणी आहे, संडासाला कुलूप, चावी मागून घ्यावी लागते.

रिपोर्टमध्ये कॉर्टिसॉल अगदीच कमी आलं. एमआरआयमध्ये ग्रंथीची जागा जवळजवळ रिकामी. गावातला मेडिकलवाला म्हणला, थायरॉईडची गोळी आजच सुरू करा, साधी असते. मॅडमनी फोनवरच अडवलं. आधी हायड्रोकॉर्टिसोन, म्हणजे कॉर्टिसॉलची जागा भरणारं स्टेरॉईड, काही दिवसांनी थायरॉक्सिन, म्हणजे ती थायरॉईडची गोळी. उलट केलं तर शरीराचा वेग वाढतो, असलेलं थोडंसं कॉर्टिसॉलही झपाट्यानं संपतं आणि माणूस कोसळतो. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण गोळी साधी असली तरी क्रम साधा नाही.

स्टेरॉईड म्हणल्यावर सासूबाईंनी घर डोक्यावर घेतलं. तोंड सुजतं, हाडं ठिसूळ होतात, शेजारच्या अमक्याचं असं झालं. मॅडमनी त्यांनाच पुढच्या वेळी बोलावलं. वरून जादा देत नाहीये, शरीरात रोज बनायला पाहिजे होतं तेवढंच भरून काढतोय, हे त्यांच्या भाषेत समजावलं. सासूबाई पूर्ण पटल्या असं नाही, पण सकाळी उठल्या उठल्या "गोळी घेतली का गं?" असं आता त्याच विचारतात. अक्का परवा चुलीपुढं बसून भाकरी थापत होती आणि वर माझ्या भाकरीला नावं ठेवत होती.

या दवाखान्यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे हातानं मराठीत लिहिलेली चिठ्ठी. ही गोळी जन्मभर आहे, एक दिवसही बंद करायची नाही. ताप आला तर डोस दुप्पट. उलटी होऊन गोळी पोटात टिकत नसेल तर जवळच्या दवाखान्यात जाऊन हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन, आणि तिथल्या डॉक्टरांना ही चिठ्ठी आधी दाखवायची. लॅमिनेशन करून एक अक्काच्या बटव्यात, एक फ्रिजवर. भावकीतल्या दुसऱ्या कुणी तिचं बघून आपला डोस ठरवू नये, हेही त्यात शेवटी लिहिलंय. मॅडमना गावं माहीत आहेत.

पहिल्या वेळची फी आठशे, फेरतपासणीचे चारशे. इतका वेळ देऊन ऐकून घेतात त्या मानानं जास्त नाही. पाळीच्या हार्मोनचं पुढच्या वेळी बघू म्हणल्यात. ग्रोथ हार्मोनच्या इंजेक्शनचा खर्च सांगून, ते आत्ता नको असं स्वतःच म्हणल्या.

जाणार असाल तर नंबर लावतानाच विचारा, रक्त किती वाजता द्यायचंय. थकव्याचं दाखवायला नेताय, आणि बाई असेल, तर बाळंतपणाचे कागद सोबत घ्या, आणि कागद नसतील तर त्या वेळी घरात हजर असलेलं माणूस घ्या. हायड्रोकॉर्टिसोन तालुक्याला सहसा मिळत नाही, दवाखान्याखालच्या मेडिकलमधून दोन महिन्यांचं एकदम उचला. गुरुवारी गर्दी त्यातल्या त्यात कमी.