तिसरा गिअर आणि पुरात उभी राहिलेली गाडी

गेल्या आठवड्यात माझ्या भाच्याने एका जुन्या कॅम्पर व्हॅनची जाहिरात मला दाखवली. ‘गिअरबॉक्सचे किरकोळ काम आहे, तेवढी रक्कम किमतीतून वजा करून मिळेल’ असे तिच्यात लिहिले होते आणि खाली महामार्गालगतच्या त्याच आवाराचा पत्ता होता, जिथून नोव्हेंबर २०२३ मध्ये मी अशीच गाडी अशाच वजावटीसह घेतली आणि फसलो. भाच्याला मी लगेच थांबवले, परंतु ती जाहिरात इतरही वाचत असतील, म्हणून झालेला प्रकार तपशिलाने लिहीत आहे.

मी माध्यमिक शाळेतून निवृत्त झालेला शिक्षक आहे. पत्नीच्या गुडघ्यांमुळे मुक्कामाच्या गावी खोल्या शोधत जिने चढणे आम्हाला जमत नाही, आणि कोकणपट्टी, गोकर्ण, हंपी अशी ठिकाणे सावकाश पाहायची तिची इच्छा मात्र जुनी आहे. त्यामुळे झोपण्याची आणि स्वयंपाकाची सोय असलेली गाडी घ्यावी, असे आम्ही ठरवले. जी गाडी पसंत पडली ती २०१० सालची टेम्पो ट्रॅव्हलर होती. मागे दोन पलंग, छोटा ओटा, शंभर लिटरची पाण्याची टाकी आणि इन्व्हर्टरच्या दोन बॅटऱ्या होत्या. आरसी बुकावर खासगी वापराची कॅम्पर व्हॅन अशी रीतसर नोंद होती. २०१६ पासून मालक एकच होता, कर्जाचा बोजा नव्हता, विमा चालू होता. नोंदणीची पंधरा वर्षे २०२५ मध्ये संपणार, हेही मला ठाऊक होते. कागदपत्रांत काहीही लपवलेले नव्हते, आणि माझ्या विश्वासाची सुरुवात तिथूनच झाली.

विकणारे गृहस्थ स्वतः मालक नव्हते. मालक आपले मित्र असून त्यांच्या वतीने आपण व्यवहार पाहतो, असे त्यांनी सांगितले. मी काही विचारण्याआधीच ते म्हणाले, “सर, तुमच्यापासून काय लपवायचं? थर्ड गिअर जरा जड पडतोय. क्लच प्लेट आणि पितळी रिंगा बदलल्या की झालं. चाळीस-पंचेचाळीस हजारांचं काम आहे, ते मी किमतीतनं कमी करतो.” मागणी ५ लाख ४० हजारांची होती, ती ४ लाख ९५ हजारांवर आली. जो माणूस स्वतःच्या तोंडाने दोष सांगतो आणि त्याचे पैसे सोडतो, तो दुसरे काही दडवत असेल, ही शंका माझ्या मनाला शिवलीही नाही. त्या दिवसापासून मी गाडीकडे केवळ तिसऱ्या गिअरची गाडी म्हणून पाहू लागलो. जिथे बारकाईने पाहायला हवे होते, तिथे माझी नजर पुन्हा गेली नाही. माझी फसवणूक खऱ्या अर्थाने झाली ती या क्षणी, पैसे तर मी नंतर दिले.

गाडी चालवून पाहिली तीही त्यांनी ठरवलेल्या रीतीने. सकाळी आठला, इंजिन थंड असताना, आम्ही कागलच्या दिशेने सपाट महामार्गावर पंधरा-वीस मिनिटे गेलो. पहिले तीन गिअर त्यांनी भराभर टाकले आणि पुढे बहुतेक वेळ गाडी चौथ्यावरच ठेवली. जोतिबाच्या घाटात एक फेरी मारू, असे मी सुचवले होते, पण गिऱ्हाईक यायचे आहे, असे सांगून त्यांनी ते टाळले. त्या फेरीचा अर्थ मला पुढे गाडी दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींनी उलगडून सांगितला. अशा गिअरबॉक्समध्ये चौथा गिअर बहुधा थेट असतो, म्हणजे इंजिनाचा जोर खालच्या लेअर शाफ्टकडे, म्हणजे बाकीचे गिअर ज्याच्या दातांवरून चालतात त्या दांड्याकडे, न वळता सरळ मागे जातो. लेअर शाफ्टची बेअरिंगे आणि दाते कितीही खराब असले, तरी चौथ्यावर त्यांच्यावर भार येत नाही आणि आवाज फारसा उठत नाही. खालच्या गिअरांवर, चढाला आणि तेल तापल्यावर मात्र तो लपत नाही.

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी आम्ही पन्हाळ्याला गेलो. चढताना तिसऱ्यावर जात्यासारखी घरघर ऐकू येत होती, पण गिअरचे काम करायचेच आहे, असे मी मनाशी म्हटले. संध्याकाळी उतरताना, वाघबीळ अजून खाली असताना, ॲक्सिलरेटरवरचा पाय काढताच तिसरा गिअर आपोआप निसटला आणि गाडी मोकळी सुटली. दुसरा पडेना, तिसरा पुन्हा बसेना. मागे भरलेली टाकी, बॅटऱ्या आणि पलंगांच्या प्लायवूडचे वजन होते, ते सगळे ब्रेकवर आले. वास येईपर्यंत ब्रेक दाबून मी गाडी डोंगराच्या बाजूला कशीबशी उभी केली. पत्नी शेजारी बसली होती. तिने त्या वेळी काही म्हटले नाही, पण नंतर कित्येक दिवस तिने त्या गाडीत पाय ठेवला नाही.

गाडी ओढून कोल्हापुरातल्या उद्यमनगरात मिस्त्रींकडे आणली. मिस्त्रींनी ड्रेन प्लग उघडला तेव्हा जे बाहेर आले ते गुऱ्हाळावरच्या काकवीसारखे दाट होते. गिअरबॉक्सला लागणाऱ्या तेलापेक्षा कितीतरी जड तेल भरून दातांचा आवाज दाबला होता. थंडीत गिअर जड पडण्याचे एक कारण तेच तेल होते, म्हणजे मला ‘प्रामाणिकपणे’ सांगितलेला दोष काही अंशी त्यांच्याच उपायाने आला होता. प्लगच्या चुंबकावर बारीक काळा लगदा असतोच, तो झिजेचा असतो. इथे मात्र बोटाला टोचतील असे कपचे चिकटले होते. गिअरबॉक्सची पेटी उघडल्यावर बेअरिंगांच्या गोळ्यांवर गंजाचे खड्डे आणि तळाला राखाडी गाळाचा थर दिसला. मिस्त्री एवढेच म्हणाले, “सर, ही पेटी पाणी प्यायलेली हाय. पुरातली गाडी ही.” मागच्या एक्सलचे तेल काढले, तर ते दुधाच्या चहासारखे निघाले.

जुलै २०२१ मध्ये पंचगंगेने ४३ फुटांची धोक्याची पातळी कितीतरी मागे टाकली होती आणि महामार्गही पाण्याखाली गेला होता, हे कोल्हापुरात कोणाला सांगावे लागत नाही. त्या पुरात शेकडो गाड्या उभ्याच्या उभ्या बुडाल्या. गाडी पाण्यात दिवसेंदिवस राहिली, की हवा खेळण्यासाठी पेटीवर असलेल्या छिद्रातून पाणी आत शिरते. नंतर तेल बदलले तरी बेअरिंगांवर बसलेला गंज जात नाही. गाडी चालू लागली की त्या खड्ड्यांपासून पोलादाचे पापुद्रे सुटतात, शाफ्ट हलू लागतो आणि दाते पुरते एकमेकांत बसत नाहीत. उतारावर गाडीच इंजिनाला ढकलते, जोराची दिशा उलटते, आणि नेमका तेव्हा गिअर निसटतो.

खुणा माझ्यासमोर होत्या. गाडीत नवे कार्पेट आणि सुगंधी फवाऱ्याचा दाट वास होता, आणि तेरा वर्षांच्या गाडीत कार्पेट तेवढे नवे का, हे मी विचारले नाही. पुढे कार्पेट उचलले तर आसनांचे बोल्ट गंजलेले होते आणि वायरींच्या जोडांवर हिरवट चढ आला होता. सर्वांत जास्त वाईट वाटते ते विम्याच्या कागदाचे. फाइलमध्ये मार्च २०२२ ची पॉलिसी होती आणि तिच्यावर ‘नो क्लेम बोनस’, म्हणजे आधी भरपाई न मागितल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, शून्य टक्के छापलेला होता. मालक तोच, विम्यात खंड नाही आणि तरी बोनस शून्य, म्हणजे आधीच्या वर्षात नुकसानभरपाई घेतली होती. मी पॉलिसीची मुदत पाहिली आणि पान उलटले.

मी त्या गृहस्थांकडे गेलो, तेव्हा त्यांनी शांतपणे नोटरी केलेला कागद पुढे केला. ‘गाडी पाहून, चालवून, जशी आहे तशी घेतली असून पुढील बिघाडास विकणार जबाबदार नाही’ या वाक्याखाली माझी सही होती. कागद मालक आणि माझ्यात झालेला होता, मध्यस्थाचे नाव त्यात कुठेच नव्हते. वकिलांनी एक गोष्ट सांगितली, जी मला आधी कळली असती तर मी तिथूनच परतलो असतो. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या वाहनांचा व्यापार करणाऱ्याला परिवहन विभागाचे अधिकारपत्र घ्यावे लागते. गाडी ताब्यात आल्याची नोंद त्याने केली, की तिची जबाबदारी त्याच्यावर येते. ‘मित्राची गाडी आहे’ हे वाक्य ती जबाबदारी टाळण्यासाठीच होते. पुराची माहिती त्यांना होती हे सिद्ध करायला माझ्याकडे आजही पुरावा नाही, आणि पैसे परत मिळालेले नाहीत.

आता कोणी अशी गाडी पाहायला जाणार असेल, तर त्याने इसार देण्याआधी आपल्या माणसाकडून गिअरबॉक्स आणि मागचा एक्सल या दोन्हींचे थोडे तेल काढून पाहावे. विकणारा त्याला नकार देत असेल, तर बोलणे तिथेच थांबवावे. इंजिन चालू ठेवून गाडी न्यूट्रलवर असताना आवाज येत असेल आणि क्लच दाबताच तो बंद होत असेल, तर खराबी पेटीतल्या बेअरिंगांत असण्याची शक्यता मोठी आहे. घाटात तास-दीड तास चालवून, तेल पुरते तापवून, उतारावर तिसऱ्यात पाय काढून पाहावा, मात्र शेजारी जाणता चालक असावा आणि रस्ता मोकळा असावा.

माझे दुरुस्तीचे बिल ९६ हजार झाले. पुन्हा जड तेल भरून गाडी कोणाच्या तरी गळ्यात घालावी, असा सल्ला मला दोघांनी दिला, पण पन्हाळ्याच्या उतारावर पत्नीचा चेहरा मी पाहिलेला होता. काढलेला लेअर शाफ्ट आणि ती बेअरिंगे मी मिस्त्रींकडून मागून घेतली असून घरी जुन्या धोतराच्या फडक्यात बांधून ठेवली आहेत. भाचा रविवारी आला, तेव्हा ती मी त्याच्या हातात दिली आणि दिव्याजवळ नेऊन एकेका खड्ड्यावरून त्याला नख फिरवायला लावले.