लिपो, गोल सेलचा पॅक की एलएफपी? आरसीसाठी पहिली बॅटरी घेताना

पहिलं आरसी (रिमोटवर चालणारं) विमान किंवा ड्रोन घेणारा प्रत्येक जण विचारतो की जास्त पॉवर कुठली बॅटरी देते. त्याचं उत्तर सोपंय, लिपो, म्हणजे लिथियम पॉलिमर. पण ती बॅटरी रविवारी दहा-पंधरा मिनिटं उडते आणि बाकीचा आठवडा तुमच्या फ्लॅटमधल्या कपाटात पडून असते, पडद्यांच्या आणि पोरांच्या शेजारी. त्यामुळे ती घरात कशी राहते हे मी आधी बघेन, हवेत काय करते ते नंतर.

तिघींमधला फरक आधी बघू. लिपो म्हणजे मऊ पाऊच, वरती नुसतं पातळ फॉइल, सेलमागे ३.७ व्होल्ट, फुल झाली की ४.२. गोल सेल म्हणजे १८६५० किंवा २१७०० (ही सेलच्या मापाची नावं), व्होल्टेज जवळपास तेच पण पत्र्याच्या डब्यात बंद आणि आत प्रेशर वाढलं तर गॅस बाहेर सोडायला व्हेंट. लिथियम आयर्न फॉस्फेट म्हणजे एलएफपी, जी आता रिक्षात नि इन्व्हर्टरमध्ये सर्रास दिसते, ती ३.२ व्होल्टची आणि फुल ३.६ च्या आसपास. गंमत म्हणजे लिपोमधली कोबाल्टवाली केमिस्ट्री (१९८०) आणि ही फॉस्फेटवाली (१९९७), दोन्ही शास्त्रज्ञ जॉन गुडइनफ यांच्याच टीमच्या कामातून आल्या, २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल ज्या तिघांना मिळालं त्यातले हे एक.

आता उडवायचं म्हणाल तर पाच इंची एफपीव्ही क्वाडला (कॅमेऱ्याचं चित्र बघत उडवायचा चार पंख्यांचा ड्रोन) पर्यायच नाहीये. थ्रॉटल मारला की क्षणभर शंभर अँपिअरच्या वर करंट जातो, तो गोल सेल देत नाहीत आणि एलएफपी त्या वजनात बसत नाही, तिथे लिपोच. फक्त स्टिकरवरच्या सी रेटिंगला (क्षमतेच्या किती पट करंट देते तो आकडा) भुलू नका, १५०० एमएएचवर (म्हणजे दीड अँपिअर-अवर क्षमता) १००सी लिहिलंय म्हणजे हिशोबाने १५० अँपिअर, एवढ्याशा पॅकमधून सतत एवढा करंट निघत नसतो.

पण फोमचं ट्रेनर किंवा ग्लायडर असेल तर चित्र बदलतं. तिथे करंट बऱ्याचदा १५-२० अँपिअरच लागतो, आणि तीन चांगल्या २१७०० सेलचा पॅक ४००० एमएएचच्या वर जातो, वजन साधारण सव्वादोनशे ग्रॅम, तर २२०० ची थ्रीएस (एकापुढे एक जोडलेले तीन सेल) लिपो १८०-१९० ग्रॅम. म्हणजे थोडं वजन जास्त देऊन जवळजवळ दुप्पट उडता येतं, आणि विमान आपटलं तरी डबा पाऊचसारखा सहज फाटत नाही. अडचण एकच, बाजारात नकली सेलचा सुळसुळाट आहे. १८६५० वर ९९०० एमएएच लिहिलेलं दिसलं की सरळ पुढे जा, खरा सेल ३५०० च्या आसपास संपतो. आणि सेलला डायरेक्ट सोल्डर लावू नका, स्पॉट वेल्ड केलेला पॅकच घ्या, वरचं प्लॅस्टिक आवरण फाटलेलं असेल तर ते बदलल्याशिवाय वापरू नका कारण अख्खा डबाच निगेटिव्ह असतो.

एलएफपी मला आवडते ती रोव्हर, बोट आणि पेट्रोल विमानाच्या रिसीव्हरसाठी (रिमोटचा सिग्नल पकडणारा भाग). टूएस पॅक ६.४ ते ६.६ व्होल्टचा, बरेच सर्व्हो (विमानाचे भाग हलवणाऱ्या छोट्या मोटर) व्होल्टेज उतरवणाऱ्या रेग्युलेटरशिवाय चालवतो (तरी सर्व्होची मर्यादा बघून घ्या). तापमान खूप वर गेल्याशिवाय ती भडकत नाही, पेटतच नाही असं मात्र नाही, आतलं द्रव तसंच ज्वलनशील असतं. लिपोच्या आकड्यावर सेट केलेला, व्होल्टेज उतरलं की वाजणारा बझर हिच्यावर चालत नाही, पहिल्या मिनिटापासून बोंबलत राहतो.

घरात पडून राहण्याचं म्हणाल तर लिपो सगळ्यात नाजूक. फुल चार्ज करून ठेवली, पाऊस आला, उडवणं रद्द झालं, आणि ती तशीच पंधरा दिवस पडली, त्यात मे महिना आणि गाव नागपूर, की फुगायची तयारी सुरू. दोन-तीन दिवसांत उडवणार नसाल तर चार्जरच्या स्टोरेज मोडवर टाकून सेलमागे ३.८ ते ३.८५ वर आणून ठेवा. गोल सेलही अर्धे ठेवलेलेच बरे, पण ते एवढं रुसत नाहीत. एलएफपी फुल राहिली तरी तिचं फारसं बिघडत नाही, म्हणून महिन्यातून एकदा ग्राउंडवर जाणाऱ्याला, विसराळू माणसाला मी डोळे झाकून तीच सांगतो, विमान तेवढं वजन पेलत असेल तर.

चार्जिंग तिघींचं डोळ्यासमोरच, रात्री लावून झोपायचं नाही. १सी म्हणजे २२०० एमएएचला २.२ अँपिअर, बॅलन्स वायर (सगळे सेल सारखे चार्ज व्हावेत म्हणून असते ती) लावूनच. जागा म्हणून मातीची मोठी कुंडी फरशीवर ठेवली तरी चालते, पण दाराजवळच्या पॅसेजमध्ये नको, पेटलं तर बाहेर पडायची वाट तीच असते. चार्जरवर मोड दोनदा वाचा, एलएफपीला लिपो मोड लावला तर तो ३.६ ला न थांबता ४.२ पर्यंत ढकलतो, आणि लिपोला निकेल बॅटरीचा मोड लावणं त्याहून वाईट. कॅनडा-अमेरिकेतल्या मंडळींनी शून्याखाली गार झालेला पॅक तसाच चार्जला लावू नये, आधी घरात नॉर्मलला येऊ द्या.

तिकडून येणाऱ्या मामाला बॅटरी आणायला सांगणार असाल तर केबिन बॅगेतच, टोकं टेप लावून, चेक-इनमध्ये सुट्या बॅटऱ्या चालत नाहीत. १०० वॉट-अवरपर्यंत (व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर) साधारण अडचण येत नाही, १०० ते १६० ला एअरलाइनची परवानगी लागते. थ्रीएस २२०० म्हणजे जेमतेम २४, पण सिक्सएस ५००० होते १११, ती परवानगीत अडकते.

आणि फुगलेली लिपो टोचून हवा काढायची नाही, कोणी यूट्यूबवर दाखवलं तरी. फुगली पण फाटलेली नसेल तर मोकळ्या जागी, लक्ष ठेवून, गाडीचा १२ व्होल्टचा बल्ब लावून हळूहळू पूर्ण उतरवा, वायरची टोकं टेप करा आणि ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. घंटागाडीत टाकली तर ती कचऱ्याबरोबर दाबली जाते आणि आग तिथे लागते.