पॅरिसचे कुले व्हेर्त : जुन्या रेल्वेपुलावरचा बगीचा

बास्तीय ऑपेरा या संगीतनाट्यगृहाच्या मागे, दोमेनील रस्त्याच्या कडेने जाणाऱ्या विटांच्या कमानींच्या पुलावर पॅरिस शहराने ‘कुले व्हेर्त’ (हिरवा पट्टा) नावाचा जो बगीचा फुलवला आहे, तो पाहिल्यावर बंद पडलेल्या लोहमार्गाचा याहून चांगला उपयोग झाला नसता, असे माझे ठाम मत झाले. १८५९ मध्ये सुरू झालेल्या या मार्गावरची बास्तीयकडील वाहतूक १९६९ मध्ये थांबली. पुढे वास्तुविशारद फिलिप मात्यू आणि उद्यानरचनाकार जाक व्हेर्जेली यांनी आखलेला हा बगीचा १९९३ मध्ये पूर्ण झाला, म्हणजे न्यूयॉर्कमध्ये अशाच जुन्या उन्नत लोहमार्गावर फुलवलेल्या बहुचर्चित हाय लाइन उद्यानाचा पहिला टप्पा खुला होण्याच्या तब्बल सोळा वर्षे आधी. रने द्यूमाँ या पर्यावरणवादी कृषिशास्त्रज्ञाचे नाव त्याला दिलेले आहे.

जिना चढून वर आले की आपण रस्त्यापासून सुमारे दहा मीटर उंचीवर असतो, आणि खरी गंमत या उंचीतच आहे. घरांच्या वरच्या मजल्यांचे सज्जे, त्यांवरची लोखंडी नक्षी, दर्शनी भिंतींवरचे कोरीव काम हे सारे, जे रस्त्यावरून मान उंचावूनही नीट दिसत नाही, ते येथे सहज नजरेच्या टप्प्यात येते. एका पोलीस ठाण्याच्या माथ्यावर मायकेलअँजेलोच्या ‘मरणोन्मुख गुलाम’ या शिल्पाच्या भव्य प्रतिकृती ओळीने उभ्या आहेत. त्या पाहाव्यात तर येथूनच. दुतर्फा गुलाब, वेली, बांबू आणि लिंडनची झाडे आहेत. खालच्या कमानींमध्ये कारागिरांच्या कार्यशाळा आणि दुकाने थाटली आहेत, त्यामुळे पूल वरून जितका जिवंत आहे तितकाच खालूनही आहे.

उणिवाही आहेत. वाट काही ठिकाणी इतकी अरुंद आहे की धावणाऱ्यांना वाट देताना निवांत चालणाऱ्यांचा खोळंबा होतो. शिवाय वर जाणारे जिने नवख्याला पटकन सापडत नाहीत. रयीच्या बागेवरचा पादचारी पूल ओलांडल्यानंतर मार्ग जमिनीवर उतरतो आणि पुढे खोलगट भागातून व बोगद्यांतून व्हँसेनच्या वनाच्या दिशेने जातो. तो भाग सावलीचा आणि शांत असला, तरी पुलावरची मजा त्यात नाही.

प्रवेश विनामूल्य आहे. बंद होण्याची वेळ ऋतूनुसार बदलते, म्हणून सकाळीच जावे. वेळ कमी असल्यास बास्तीयपासून रयीच्या बागेपर्यंतच चालावे आणि परतताना खालच्या रस्त्याने कमानींमधील कार्यशाळा पाहत यावे.