ब्रूसचा सरदार की बेटांवरचा गॅलोग्लास? स्कॉटिश योद्ध्याचा रेझिन बस्ट निवडताना

मध्ययुगीन स्कॉटिश योद्ध्याचा बस्ट, म्हणजे छातीपर्यंतचा छोटा पुतळा, घरी रंगवायला घ्यायचा म्हटलं, तर बाजारात मुख्यतः तीन माणसं भेटतात. पहिला बॅनकबर्नच्या काळातला (1314, स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट ब्रूसने इंग्रजांना हरवलं ती लढाई) सरदार: डोक्यावर कड्यांची टोपी, अंगावर कड्यांचं चिलखत आणि त्यावर घराण्याच्या चिन्हाचा अंगरखा. दुसरा पश्चिमेच्या बेटांवरचा भाडोत्री लढवय्या, म्हणजे गॅलोग्लास. त्याचा उभ्या शिवणींचा जाड डगला आणि टोकदार शिरस्त्राण लगेच ओळखू येतं. तिसरा तोंडाला निळा रंग फासलेला, खांद्यावर चौकड्यांचं प्लेड टाकलेला, केस पिंजारलेला विल्यम वॉलेस, इंग्रजांशी लढलेला स्कॉटिश सेनानी.

तिसऱ्याचा निकाल आधी लावू. वॉलेसला 23 ऑगस्ट 1305 रोजी लंडनमध्ये मारलं. कमरेला पट्ट्याने बांधायच्या प्लेडची वर्णनं सोळाव्या शतकाच्या अखेरीस मिळू लागतात. अंग निळं रंगवण्याची गोष्ट रोमन लेखकांनी ब्रिटनमधल्या जमातींबद्दल लिहिलेली, म्हणजे वॉलेसच्या हजारभर वर्षं आधीची. हे दोन्ही एका माणसावर चढवण्याचं श्रेय 1995 च्या ‘ब्रेव्हहार्ट’ या हॉलिवूडपटाला जातं. तो सिनेमा आवडत असेल तर बस्ट खुशाल घ्या, रंगवायला मजाही येते. फक्त खालच्या पट्टीवर ‘स्टर्लिंग ब्रिज, 1297’ (वॉलेसने जिंकलेली लढाई) असं कोरून घेऊ नका.

खरी निवड पहिल्या दोघांत आहे. ती करताना खोक्यावरचं रंगवलेलं चित्र बाजूला ठेवून एक प्रश्न विचारावा: या माणसाच्या कपड्याला कोणतं रेझिन सोसतं? आज एकच विषय दोन प्रकारे मिळतो. एक साच्यात ओतून कडक झालेलं पॉलियुरेथेन प्लॅस्टिक, दुसरं थ्रीडी प्रिंटरवर छापलेलं. दोघांचे दोष वेगळे, आणि कोणता दोष झाकता येईल हे कपड्यावर ठरतं.

ओतीव रेझिन सिलिकॉनच्या साच्यात तयार होतं. रेझिनमध्ये हवा अडकली की टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडतात. सिलिकॉनमध्येच बुडबुडा राहिला असेल तर उलट होतं, मालावर बारीक मणी उठतात. सपाट ढालीवर किंवा डगल्यावर खड्डा पुट्टीने बुजतो आणि मणी पात्याच्या टोकाने उडतो, पाच मिनिटांचं काम. कड्यांच्या चिलखतावर मात्र हाच मणी दोन कड्यांच्या मधोमध बसतो. तो काढायला जावं तर शेजारची कडीही तुटते. शिवाय साचा म्हातारा होतो. काही डझन नग निघाले की सिलिकॉन फाटू लागतं, आणि दोन भागांच्या सांध्यावरची रेघ जाड होत जाते. ती रेघ कानामागून मानेवर आली तर ठीक, पण गालावरून आणि कड्यांच्या टोपीवरून गेली तर घासून घासून जीव जातो.

छापील नगात बुडबुड्यांचा प्रश्न नाही. कड्या करकरीत येतात. इथे त्रास दोन: थरांच्या रेघा आणि छापताना टेकू देणाऱ्या आधारकाड्यांचे डाग. थर साधारण 0.03 ते 0.05 मिलिमीटरचे असतात. कड्यांत नि शिवणींत ते हरवतात, पण गुळगुळीत शिरस्त्राणाच्या उतारावर आणि कपाळावर धातूचा रंग लागला की उठून दिसतात. त्यात नग पोकळ असेल आणि आतलं ओलं रेझिन नीट धुतलं नसेल, तर काही महिन्यांनी बस्ट तडकू शकतो. निचऱ्याचं भोक आहे का, आतून धुऊन अतिनील दिव्याखाली पक्कं केलंय का, हे विक्रेत्याला विचारायलाच हवं. हाताला चिकट लागणारा नग ठेवून घेऊ नका. ते अर्धं कच्चं रेझिन त्वचेलाही बरं नाही.

म्हणून माझं मत सरळ आहे: सरदार घ्यायचा तर छापील, गॅलोग्लास घ्यायचा तर ओतीव.

आता माणसांकडे येऊ. सरदारात पाहण्यासारखं म्हणजे कड्या. खऱ्या चिलखतातली कडी साधारण 8 ते 10 मिलिमीटर व्यासाची धरली, तर 1/10 प्रमाणात, म्हणजे खऱ्याच्या दहाव्या हिश्शात, ती एक मिलिमीटरच्या आतबाहेर यायला हवी. फोटोत डोळ्याच्या रुंदीशी ताडून पाहा. एका डोळ्याच्या रुंदीत दोनच कड्या मावत असतील तर शिल्पकाराने त्या मोठ्या घेतल्यात. संगणकावर घडवलेल्या नगांत आणखी एक खोड असते. कड्यांचा पोत शिक्क्यासारखा सगळीकडे एकसारखा उमटवलेला असतो, खांद्यावर ताण नाही, हनुवटीखाली झोळ नाही. खरं चिलखत वजनदार कापडासारखं लोंबतं. हे जमलेलं असेल तर बाकी उणं-अधिक माफ.

पुढे अंगरख्यावरचं चिन्ह. ब्रूसच्या राजचिन्हात सोनेरी जमिनीवर तांबडा सिंह आणि भोवती फुलांची दुहेरी किनार. तीन-चार सेंटिमीटर छातीवर, तेही चुण्यांवरून, हे हाताने रेखणं म्हणजे कसोटी. काही नगांत सिंह उठावात घडवलेला असतो. रंगवायला तो सोपा, पण कापडावर सिंह असा फुगून येत नाही. ब्रूसचा सरदार जेम्स डग्लस याचा बस्ट त्या मानाने सोपा जातो: पांढरी जमीन, वर निळा पट्टा, त्यात तीन पांढरे तारे. त्याच्या छातीवर तांबडं हृदय दिसलं आणि खाली 1314 लिहिलेलं असेल, तर मात्र थांबा. ब्रूसचं हृदय घेऊन निघालेला डग्लस 1330 मध्ये स्पेनमध्ये तेबा इथे पडला. घराण्याच्या चिन्हात हृदय आलं ते त्यानंतर.

ब्रूसचा बस्ट घेण्याचं एक वेगळं कारणही आहे. वॉलेसचं समकालीन चित्र एकही नाही, त्यामुळे त्याचा चेहरा शिल्पकाराच्या मर्जीचा. ब्रूसची मानली जाणारी कबर मात्र 1818 मध्ये डनफर्मलिनच्या मठात सापडली आणि कवटीचा साचा घेतला गेला. त्या साच्याचे फोटो शेजारी ठेवून बस्टचं कपाळ नि जबडा तपासता येतो. शिल्पकाराने अभ्यास केलाय की नेहमीचा दाढीवाला देखणा नट बसवलाय, ते लगेच कळतं.

गॅलोग्लास माझा जास्त लाडका, हे लपवत नाही. हे लोक हेब्रिडीज बेटांतून आणि पश्चिम किनाऱ्यावरून आयर्लंडच्या सरदारांकडे चाकरीला जात. 1259 मध्ये एका आयरिश राजपुत्राला लग्नात हुंड्याबरोबर असे 160 जण मिळाल्याची नोंद आयरिश बखरींत आहे. त्यांचा वेश कसा होता यासाठी कल्पनेवर विसंबायला नको. पश्चिम स्कॉटलंडमधल्या आयोना, सॅडेल, किलमार्टिन इथल्या कोरीव थडग्यांवर तो दगडात उभा आहे: टोकदार शिरस्त्राण, खांद्यावर पसरलेला कड्यांचा पडदा, गुडघ्यापर्यंतचा शिवलेला डगला, भाला आणि तलवार. बस्ट घेण्याआधी त्या दगडांचे फोटो जरूर पाहा. शिवणी सरळ उभ्या आहेत का, बाही दंडावर फुगीर आहे का, एवढं जुळलं तरी पुरे. तो मोठा क्लेमोर, म्हणजे दोन हातांनी धरायची तलवार, सन पंधराशेच्या आसपासचा. चौदाव्या शतकाचा म्हणून विकलेल्या योद्ध्याच्या पाठीवर तो दिसला, तर शिल्पकाराने दोन शतकं एकत्र शिवलीत.

हा डगला रंगवायला उदार आहे. प्रत्येक शिवणीच्या खळगीत पातळ तपकिरी वॉश (पाण्यासारखा रंग) आपोआप उतरतो, फुगवट्यावर रंग जवळजवळ पुसलेला कोरडा ब्रश फिरवला की अर्धं काम झालं. रंगसंगतीला आधारही मिळतो. स्कॉटिश इतिहासकार जॉन मेजरने 1521 मध्ये लिहिलंय की डोंगराळ भागातले सामान्य स्कॉट लढाईला जाताना अनेक ठिकाणी शिवलेला, मेण किंवा डांबर फासलेला तागाचा कपडा घालत आणि वरून हरणाचं कातडं. म्हणजे पिवळट पांढऱ्यापासून काळपट तपकिरीपर्यंत सगळं चालतं, आणि डांबराच्या डागांना किंचित चमकही देता येते.

पहिलाच बस्ट असेल तर गॅलोग्लास घ्या. दोन-चार झाले असतील आणि हात मोकळा असेल तर डग्लस, आणि सिंहाची खुमखुमी असेल तर ब्रूस. प्रमाण शक्यतो 1/10. 1/12 मध्ये डोकं जेमतेम दोन सेंटिमीटरचं येतं आणि डोळे अवघड जातात. गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी ज्याच्या त्याच्या हाती देत नाहीत, तसंच हे. म्हणून शिरस्त्राणाची कड भुवयांवर टेकलेला, डोळे सावलीत गेलेला चेहरा नवख्याला सोयीचा.

स्वस्तातल्या नकलांबद्दल एवढंच: मूळ नगावरून पुन्हा साचा घेतला की कड्यांच्या कडा बोथट होतात, आणि मूळ शिल्पकाराला पैसाही मिळत नाही. छापण्यासाठी फाइल घेत असाल तर परवान्यात दुसऱ्याकडून छापून घ्यायची मुभा आहे का, ते वाचा.

परदेशातून मागवताना कुरिअरवाला दारात आयात शुल्क मागतो, ते किमतीत धरून ठेवा. नग हातात आला की कोमट साबणपाण्याने धुवा, नाहीतर साच्याचं तेल रंग धरू देत नाही. वाकलेलं तलवारीचं पातं ओतीव असेल तर गरम पाण्यात बुडवून सरळ करता येतं. छापील असेल तर जपून, ते मोडण्याची शक्यता जास्त. प्लॅस्टिक मॉडेल जोडायचा गोंद (‘सिमेंट’) इथे निरुपयोगी. सुपरग्लू किंवा अराल्डाइट वापरा, आणि मान धडात बसते तिथे एक मिलिमीटरची तार घाला. घासकाम पाण्याखाली, मास्क लावून. प्रायमरचा आणि मॅट वॉर्निशचा स्प्रे कोकणात नि मुंबईत पावसाळ्यात दमटपणाने पांढरा पडतो. जुलैत नग आला तर तोवर ब्रशने लावायचा प्रायमर घ्या. आणि ऑर्डर देण्याआधी विक्रेत्याला बैठकीशिवायची उंची विचारा. पुष्कळ जण लाकडी ठोकळ्यासकट फोटो टाकतात, आणि खोक्यात ठोकळा नसतो.